भावंडांचा हिशेब आणि उत्तान कादंबरी

श्रोतेहो, युनियनच्या माणसाने व्याख्यानमालेत यावे आणि बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर न बोलता शृंगारिक कादंबरीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. वस्तुतः त्यात नवल असे काही नाही. गिरणीत किंवा कारखान्यात वाचले जाते काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कामगारांचे पुढारीपण करू नये. रात्रपाळीच्या डब्याच्या पिशवीतून आम्ही ज्ञानेश्वरीची पोथी निघताना पाहिली आहे, तशी रोजभाड्याने आणलेली, पुठ्ठा निघालेली प्रेमकादंबरीही पाहिली आहे. दुसरी अधिक वेळा पाहिली, हे खरे सांगितले पाहिजे.

या जातीच्या कादंबरीचा साचा आपल्या परिचयाचा आहे. लहान गाव, जुने घर, कित्येक वर्षांनी परतलेला नायक किंवा नायिका. मागे राहिलेले एक जुने प्रेम. आणि त्याच घरात, एकाच आईच्या पोटची, परंतु एकमेकांशी अबोला धरलेली भावंडे. मधल्या पानांत चावट वर्णने येतात, शेवटच्या पानांत भाऊबहीण गळ्यात पडतात. टीकाकार यातल्या चावटपणावर तुटून पडतात. आमचे म्हणणे निराळे आहे. चोरटेपणा त्या वर्णनांत नाही, तो भावंडांच्या गळाभेटीत आहे.

हे स्पष्ट करण्यासाठी मराठीतलाच एक लेखक घेऊ. चंद्रकांत काकोडकर हे नाव आमच्या पिढीच्या वाचकांनी उघडपणे घेतले नाही, पण वाचले सर्वांनी. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. निशिकांत नावाचा एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, एवढाच तिचा विषय. पुण्यात अश्लीलतेची फिर्याद झाली. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने ते फिरवून लेखकाला दोषी धरले आणि पंचवीस रुपये दंड केला. पंचवीस रुपये म्हणजे रक्कम किरकोळ, पण लेखकाच्या कपाळी शिक्का बसतो तो रकमेवर अवलंबून नसतो. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये निर्दोष सुटले.

तो निकाल वाचण्याजोगा आहे. कायदा कोणत्या गजाने मोजत होता तेही ध्यानात घ्यावे. इंग्लंडात १८६८ साली एका खटल्यात असे ठरले होते, की ज्यांची मने बिघडण्याजोगी आहेत त्यांच्या हाती पुस्तक पडले तर ती बिघडतील काय, एवढेच पाहायचे. आपल्याकडे १९६४ साली मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची प्रत विकल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरविले, ते मुख्यत्वे याच गजाने. ‘श्यामा’च्या निकालात न्यायमूर्ती जगन्मोहन रेड्डी यांनी जरा मोकळा श्वास घेतला. कथा उच्च दर्जाची नाही, अभिरुचीही बेताची आहे, असे म्हणूनही त्यांनी सांगितले, की आक्षेपार्ह भाग आणि सबंध कृती दोन्ही वाचली पाहिजेत, समाजाची मापे बदलतात, आणि स्त्रीपुरुष संबंधाचा उल्लेख एवढ्यानेच पुस्तक अश्लील ठरू लागले तर धार्मिक ग्रंथांखेरीज काहीच विकता येणार नाही. निकालाच्याच वर्षी संसदेने कलम २९२ सुधारून कला, वाङ्मय, शास्त्र यांच्या हिताच्या लेखनाला सवलत दिली. जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत २९४ या आकड्याने नांदते आहे. असो.

आता त्याच १९६९ सालची दुसरी गोष्ट. याच काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर राज खोसला यांनी ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट काढला. राजेश खन्ना आणि मुमताज यांच्या प्रेमाने तो गाजला, आणि त्या कथेबद्दल काकोडकरांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या लेखकाची एक कथा सात वर्षे न्यायालयांत फिरत होती, त्याच लेखकाची दुसरी कथा आजीपासून नातवापर्यंत अख्खे कुटुंब थिएटरात जाऊन पाहत होते आणि डोळे पुशीत होते. कारण उघड आहे. ही गोष्ट भावांची होती. थोरला सावत्र भाऊ बापाला दिलेल्या शब्दाखातर धाकट्यांना वाढवतो. मधल्याला परदेशी शिक्षणाला पाठविण्यासाठी घर गहाण टाकतो. मधला परततो, मोठी नोकरी धरतो, श्रीमंत घरची बायको करतो आणि वेगळा निघतो. धाकट्याचे प्रेमप्रकरण एकीकडे रंगत असते, दुसरीकडे घर मोडत असते. शेवटी अर्थातच समेट.

आम्ही हा चित्रपट दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा आमच्यातला युनियनवाला अस्वस्थ झाला. घर गहाण पडले ते एका भावाच्या शिक्षणासाठी. त्या शिक्षणाचे फळ एकट्याने खाल्ले, कर्ज राहिले दुसऱ्याच्या डोक्यावर. हा सरळ हिशेबाचा तंटा आहे. पण गोष्ट तो सुनेच्या अंगावर ढकलते. सून आली, तिने कान भरले, घर फुटले! एकदा सून खलनायिका ठरली की भावांना एकमेकांसमोर वही उघडावी लागत नाही. सुनेला पश्चात्ताप झाला की काम भागले. कारखान्यात असे झाले असते, तर आम्ही म्हटले असते की संप मागे घेतला, पण करारावर सह्या झाल्याच नाहीत. असा मिटलेला संप सहा महिन्यांत पुन्हा पेटतो, हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही.

मग त्या शृंगाराचे काय काम? आमच्या मते काम फार मोठे आहे. लहान गावात दोन माणसांना एकांत मिळत नाही. देऊळ, बसथांबा, मळ्याची वाट, सगळीकडे डोळे असतात. त्यामुळे चोरून भेटण्यालाच धार येते, आणि लेखकाला फारसे कसब न वापरता पाने गरम ठेवता येतात. वाचक त्या ऊबेत गुंगतो. नायिका गावात परत आली ती कशासाठी, हे विचारायचे राहून जाते. प्रेमासाठी कोणी वीस वर्षांनी गावी येत नाही, श्रोतेहो. माणूस येतो तो सहीसाठी. बाप गेला, वारसनोंद व्हायची आहे, तलाठ्याकडे फेरफार अडला आहे, भावाचा फोन आला की एकदा येऊन जा. जुना प्रियकर भेटतो तो त्यानंतर.

आपल्या पडेगावचेच पाहा. छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की येणारे हे गाव, ज्याच्या जमिनी कधी एकरांत मोजल्या जात. आज गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि जमीन गुंठ्यांत नव्हे, फुटांत बोलली जाते. ज्या रानाच्या बांधावर भाऊबहीण बोरे वेचीत होती, त्याच बांधाची किंमत दोघांनाही कळली, आणि तेव्हापासून बोलणे अवघड झाले.

‘नीलांबरी’च्या काळात लेखकाची एक सोय होती. तंटा भावाभावांचा होता, बहीण त्यात नव्हतीच. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत ती जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला तो हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभरासाठी ९ सप्टेंबर २००५ च्या सुधारणेने लग्न झालेल्या मुलीही आल्या. पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहिल्या. बाप त्या तारखेला हयात असलाच पाहिजे काय, यावर बरीच वर्षे निरनिराळे निकाल येत राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तशी अट नाही, मुलीचा हक्क जन्मानेच आहे.

कायदा इतका पुढे आला, आणि समाजाने त्यावर उतारा काढला हक्कसोडपत्राचा. ताई, तुला काय कमी आहे, माहेर तुटू देऊ नकोस, असे म्हणत दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेले जाते. सही केली तर भाऊबीज आणि माहेरची साडी चालू राहते. न केली तर दार बंद. आमच्याकडे येणाऱ्या कामगार बायकांत दोन्ही प्रकारच्या आहेत. सही केलेलीला पस्तावा आहे आणि न केलेलीला माहेर नाही. हे आमच्या काळातले खरे ‘दुरावलेले भावंड’, आणि अजून तिच्यावर कादंबरी लिहायची तर लेखक तिला आधी प्रियकराच्या मिठीत नेऊन बसवतात.

भावाची बाजू नाही असे नव्हे. जो गावी राहिला त्याने म्हाताऱ्यांची दुखणी काढली, विहिरीचे कर्ज फेडले, दुष्काळात जनावरे जगवली. त्याचे ते काम कुठल्याच उताऱ्यावर चढत नाही. आम्ही समझोत्याला बसतो तेव्हा मालकाच्या वहीइतकीच कामगाराच्या घामाचीही नोंद मागतो. मग इथे ती का मागू नये?

प्रेमकथा आणि हिशेब एका पुस्तकात नांदत नाहीत, असे कोणी म्हणेल. शार्लट ब्राँटेचे ‘जेन आयर’ १८४७ चे आहे. त्यातील प्रेमाने त्या काळचे सभ्य लोक बिथरले होते. अनाथ जेनला काकाची वीस हजार पौंडांची मिळकत मिळते, आणि ज्यांनी तिला उपाशी असताना आसरा दिला ती तिघे आपलीच आतेभावंडे आहेत, हे त्याच वेळी कळते. वकिलाने ती सगळी मिळकत तिच्या एकटीच्या नावे सांगितलेली असते. ती आधी नाते मान्य करते आणि लगेच चार भाग करते, प्रत्येकाला पाच हजार. आतेभाऊ समजावतो, थांब, विचार कर. ती ऐकत नाही. कागद होतात, सह्या होतात. रॉचेस्टरकडे ती परत जाते ती त्यानंतर, स्वतःच्या पाच हजारांची धनीण होऊन, आणि तेव्हा तिला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत.