आभाळातले कवडसे

कौलारू घरात वाढलेल्या माणसाला कवडसा काही नवा नाही. एखादे कौल सरकले, किंवा पत्र्याला खिळ्याचे भोक पडले, की त्यातून उन्हाचा एक तिरपा दांडा घरात उतरतो. चुलीचा धूर असला म्हणजे तो अगदी हाताने धरावासा वाटतो. धूर निवळला की फिका पडतो. पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनात, दिवस कलताना ढगांच्या फटींतून आभाळभर पंख्यासारखे किरण पसरलेले आपण पाहतो. तेही कवडसेच. घरात कौलांचे छप्पर, तिथे ढगांचे, एवढाच काय तो फरक.

आता पहिला प्रश्न असा, की हा किरण आपल्याला बाजूने दिसतो कसा? प्रकाश तर आपल्या डोळ्यांकडे येत नसतो, समोरून आडवा निघून जात असतो. तो दिसतो वाटेत आलेल्या कणांमुळे. धूळ, धूर, पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब यांवर आपटून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत येतो. जॉन टिंडाल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात एका पेटीला आतून ग्लिसरीन लावले आणि आतल्या हवेतली धूळ त्यावर बसू दिली. मग पेटीतून प्रकाशाचा झोत सोडला. पेटीच्या बाहेर तो झोत लखलखीत दिसे, आत मात्र नुसता काळोख! तेव्हा आपण पाहतो तो किरण नव्हे, किरणाने उजळलेली धूळ. आणि दोन किरणांमधले काळसर पट्टे? त्या ढगांच्या सावल्या. जमिनीवर पडावी तशी सावली हवेतही पडते.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. चित्रकलेच्या तासाला मुले दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढतात आणि त्याच्याभोवती पसरलेले किरण काढतात. आभाळातही तसेच दिसते. किरण मागे मागे नेले, तर ते ढगाच्या अगदी पाठीमागे एकत्र येतात असे वाटते. मग एखादा चौकस मुलगा म्हणेल, ‘गुरुजी, सूर्य तर त्या ढगामागे कोस-दोन कोसांवरच असला पाहिजे!’ त्याला काय उत्तर द्याल? पुस्तकात सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे म्हणून लिहिले आहे, असे सांगून भागणार नाही. त्याच्या डोळ्यांना दिसते ते निराळेच आहे.

त्याला पेरलेल्या शेताच्या बांधावर उभे करा. तिफणीने ओढलेल्या ओळी सारख्या अंतरावर असतात, हे तो जाणतोच. तरी पायाशी रुंद वाटणाऱ्या त्या ओळी पलीकडच्या बांधाकडे जवळजवळ येत गेलेल्या दिसतात. आगगाडीच्या रुळांचेही तसेच. दूरची वस्तू लहान दिसते, तसे दूरचे अंतरही लहान दिसते. आभाळातले किरण खरोखर ओळींसारखेच समांतर आहेत. आपण त्यांच्याकडे लांबीच्या दिशेने पाहतो, म्हणून ते पसरलेले दिसतात.

किती समांतर म्हणाल? समजा, दोन किरण एकमेकांपासून १० किलोमीटरवर आहेत आणि ते सूर्याच्या एकाच बिंदूपासून निघाले आहेत. त्यांचे प्रमाणशीर चित्र काढायचे आणि दोघांत १ मिलिमीटर अंतर ठेवायचे, तर त्या दोन रेघा एकमेकींना मिळायला १५ किलोमीटर लांबीचा कागद लागेल!

यावरही कोणी हट्टाने म्हणेल, की हे सारे गणित झाले, डोळ्यांना पटेल असे दाखवा. दाखवता येते. अशा संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या सुमारास मावळतीकडे पाठ करून उभे राहा. पुष्कळ जण एकदासुद्धा मागे वळून पाहत नाहीत. हवा अनुकूल असेल, तर तेच किरण डोक्यावरून जाऊन उगवतीकडे पुन्हा एका बिंदूशी जमलेले दिसतील. रंग फिका असतो, नीट निरखावे लागते, पण दिसतात. किरण जिथे जुळलेले दिसतात तिथेच सूर्य असतो म्हणावे, तर उगवतीला दुसरा सूर्य हवा! तो नाही. म्हणजे ते जुळणे आपल्या पाहण्यातले आहे, किरणांतले नव्हे.

शिक्षकांनी घरातला कवडसाही वाया घालवू नये. खोलीत अंधार करून दोन-तीन मिलिमीटरच्या भोकातून ऊन आत घ्या आणि त्याच्या वाटेत कागद काटकोनात धरा. भोक वेडेवाकडे असले तरी दूरवर उमटलेला ठिपका गोलच येतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. (२६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात असे कवडसे कोरीसारखे झालेले दिसत होते.) भोकापासून कागद ३ मीटर दूर असेल, तर ठिपका सुमारे ३ सेंटिमीटरचा भरेल. अंतराला ठिपक्याच्या रुंदीने भागा. उत्तर १०० च्या आसपास येईल. याचा अर्थ, सूर्य आपल्या व्यासाच्या शंभराहून थोड्या अधिक पटीने दूर आहे. फूटपट्टीने आणि भागाकाराने मुलांना एवढे कळते! मात्र भोकातून सूर्याकडे कुणालाही पाहू देऊ नका. डोळ्याचा आतला पडदा दुखावतो आणि त्या वेळी कळतसुद्धा नाही.

जाता जाता खळ्याविषयी. सूर्याला किंवा चंद्राला खळे पडले, की कुणी पाऊस आला म्हणतो, कुणी अशुभ मानतो. हात लांब करून बोटे ताणलीत, तर सूर्यापासून खळ्यापर्यंत सुमारे एक वीत, म्हणजे २२ अंश, अंतर भरते. (सूर्य दुसऱ्या हाताने झाकून घ्यावा.) फार उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे षट्कोनी कण असतात, त्यांतून प्रकाश वळून हे कडे होते. वैशाखातसुद्धा त्या उंचीवर बर्फच असतो. असे ढग कधी पावसाच्या ढगांपुढे चालतात, कधी लांबच्या वादळाच्या माथ्यावरून नुसते वाहत येतात. त्यामुळे खळे पाहून घाबरू नये, आणि खळे पाहून पेरणीही धरू नये. त्यासाठी हवामान खात्याचा अंदाज ऐकावा आणि जमिनीत ओल किती खोल गेली आहे ते उकरून पाहावे.

डोळे खोटे बोलत नाहीत. ते दिसले तेवढे सांगतात. त्यावरून काय ठरवायचे, हे मात्र आपण तपासून ठरवायचे असते.