छापखाना आटला, सही जपून करा
खिळे जुळवणाऱ्यांना संगणकाने घरी बसवले. आता कागदावरचे छापकामच आटले. 2017 साली केंद्र सरकारने आपले 17 छापखाने 5 वर आणायचे ठरवले. नाशिकचा राहिला, आणि कामगार कपात नाही असे निर्णयातच होते. खासगी छापखान्यात असा आधार कुठला? तिथे ‘राजीनामा लिहून दे, हिशेब करतो’ म्हणतात. आम्ही म्हणतो, दादा, थांबा! कपात झाली तर वर्षभर काम केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. राजीनामा दिला की ती भरपाई गेली. दहाजणांच्या छापखान्यातही पाच वर्षे भरलेल्याची ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्याने बुडत नाही. ताई, कागद घरी आला तर आधी तुम्ही वाचा, युनियनवाल्यांना दाखवा. पगारचिठ्ठ्या पेटीत ठेवा.