ओळीच्या वर नजर

हिंगोली जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की पहिलं निदान घरातच होतं: मोतीबिंदू. मग शिबिर, ऑपरेशन, काळा चष्मा. बहुतेकांना पुन्हा दिसू लागतं. काहींना मात्र ऑपरेशन नीट होऊनही समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. डॉक्टर सांगतात, ‘पडदा खराब आहे, आता काही करता येणार नाही.’ डॉक्टरांचं बोलणं औषधापुरतं असतं. ऐकणारा ते वाचण्यालाही लावून घेतो आणि पोथी कायमची बासनात जाते.

पडद्याच्या मधोमध जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंदीचा मॅक्युला असतो. बारीक अक्षर वाचायचं काम त्याच्या केंद्राचं. वयानुसार होणारी झीज, मधुमेहामुळे येणारी सूज, तरुणपणीच गाठणारा स्टारगार्ट हा आनुवंशिक आजार, असं काहीही झालं तरी मधला भाग जातो आणि कडेचा राहतो. त्यामुळे असा माणूस वाटेतला दगड चुकवतो, दारात बांधलेली शेळी ओळखतो, पण बँकेचं पासबुक त्याला वाचता येत नाही. ‘सोयीचं तेवढं बरं दिसतं,’ असा टोमणा घरात ऐकू येतो. तो साफ खोटा आहे.

उपचाराचं थोडक्यात. दाराची चौकट किंवा वहीच्या रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. एकेक डोळा झाकून पाहावं, नाहीतर चांगला डोळा वाईटाचं दुखणं लपवतो. झीज ‘ओल्या’ प्रकारची असेल तर डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी उरलेली नजर बऱ्याचदा राखता येते. तिथे उशीर महागात पडतो.

आता मूळ मुद्दा. मधली नजर गेल्यावरही वाचता येतं, पण शब्दाकडे थेट पाहून नव्हे. थेट पाहिलं की शब्द नेमका गेलेल्या नजरेच्या जागी उरलेल्या काळ्या किंवा धुरकट डागात जातो. डाग बाजूला सारून कडेच्या नजरेनं वाचायला शिकावं लागतं. आपली चांगली जागा शोधायची रीत सोपी आहे. समोर कुणाला तरी बसवावं आणि त्याच्या चेहऱ्याभोवती घड्याळाची तबकडी आहे असं समजावं. नजर बाराच्या आकड्यावर, मग तीन, सहा, नऊ अशी फिरवावी. ज्या आकड्याकडे पाहताना चेहरा सगळ्यांत स्पष्ट होतो, ती आपली दिशा. बहुतेक वेळा ओळीच्या थोडं वर पाहणं सोयीचं ठरतं, कारण मग डाग वर सरकतो आणि ओळ त्याच्याखाली अखंड उरते. डाग उजवीकडे राहिला तर मराठी वाचणाऱ्याचा पुढचा शब्द झाकतो. डावीकडे राहिला तर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही.

जागा सापडली की नजर तिथेच धरायची आणि डोळ्यांऐवजी कागद डावीकडे सरकवत न्यायचा. सुरुवात एका मोठ्या अक्षरापासून, मग दोन अक्षरी शब्द, मग ओळ. रोज थोडा थोडा वेळ, थकवा येण्याआधी थांबायचं. पहिले काही दिवस चीड येते, कारण जन्मभराची सवय डोळ्याला पुन्हा मध्यावर ओढते.

कडेच्या नजरेची एक खोड आहे: तिथे शेजारची अक्षरं एकमेकांत मिसळतात. नुसतं अक्षर मोठं करून भागत नाही, मोकळी जागाही लागते. देवनागरीत वेलांटी, मात्रा, अनुस्वार वर आणि उकार खाली. दोन ओळी चिकटून छापल्या की वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. म्हणून माझ्या मते दाटीच्या मोठ्या टाइपापेक्षा थोडा लहान पण मोकळा टाइप बरा.

पोथीचं या बाबतीत मजेशीर आहे. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज वाचणारी माणसं औंढा नागनाथच्या या मुलखात घरोघर आहेत. पोथीचा टाइप ठळक आणि मोठा, ही जमेची बाजू. पण पानं आडवी, ओळ लांबलचक. ती संपली की परत डावीकडे येताना नजर हरवते. त्यावर उपाय काळ्या पुठ्ठ्याचा. एका ओळीएवढी आडवी खाच कापायची, तो पानावर ठेवायचा आणि ओळ संपली की खाली सरकवायचा. वरखालच्या ओळी झाकल्या जातात, कागदाची चकाकीही कमी होते. सरावाला हरिपाठासारखं पाठ असलेलं घ्यावं. नरसीला नामदेवांचं जन्मगाव मानणाऱ्या या भागात तो अनेक वारकऱ्यांच्या ओठांवर असतो. पुढचा शब्द ठाऊक असल्यानं डोळ्याला कुठे उतरायचं ते कळतं. मात्र प्रगती तपासायची ती वर्तमानपत्रावर, नाहीतर आपण वाचतोय की म्हणतोय हेच कळत नाही!

बाजारातलं ताटलीएवढं भिंग घेऊ नये. भिंग जितकं मोठं तितकी त्याची ताकद बहुधा कमी. ताकदीचं भिंग लहान असतं आणि ते डोळ्याजवळ धरलं तरच पुरेसे शब्द दिसतात. दहा नंबरच्या भिंगासाठी कागद भिंगापासून साधारण दहा सेंटिमीटरवर हवा. इतक्या जवळून वाचल्यानं डोळे बिघडत नाहीत, हे नातवंडांनाही सांगून ठेवावं. उजेड खांद्यामागून, थेट कागदावर पडेल असा. वीज नसेल तेव्हा सकाळची ओसरी उत्तम. घरात स्मार्टफोन असेल तर पानाचा फोटो काढून तो मोठा करता येतो. काळ्यावर पांढरं अक्षर अनेकांना जास्त मानवतं. फोन मराठी मजकूर वाचूनही दाखवतो. डोळे दमल्यावर ऐकण्यात कमीपणा कसला?

काहींना या डागाच्या जागी नक्षी, माणसं, मुलं दिसू लागतात. स्विस अभ्यासक चार्ल्स बोने यानं १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला. त्याचंच नाव या प्रकाराला मिळालं. मराठवाड्यात अशा वेळी भानामतीचा संशय यायला वेळ लागत नाही. वेड लागलं म्हणतील या भीतीनं म्हातारी माणसं ते लपवतात. दिसतंय ते खरं नाही हे कळत असेल, तर हा सहसा नजरेच्या उणिवेचा खेळ असतो. डॉक्टरांना जरूर सांगावं.

वाचनाचा सराव आणि भिंगाची निवड नीट व्हायला ‘लो व्हिजन’ म्हणजे अधू नजरेसाठीचा विभाग लागतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत असा विभाग आहे. जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. दृष्टीचं मोजमाप दिव्यांग प्रमाणपत्राच्या निकषात बसलं तर तेही करून घ्यावं. तपासणीला जाताना रोजची पोथी, पासबुक, औषधाची पट्टी बरोबर न्यावी आणि भिंगाचा नंबर त्यांच्यावरच ठरवून मागावा. भिंतीवरच्या तक्त्यावर जुळलेलं भिंग पोथीवर जुळेलच असं नाही.