डेटाबेस-आराखडा : संरचित मजकुरातील मांडणी

संगणकात साठविलेल्या सुसंघटित माहितीसंग्रहास ‘डेटाबेस’ व त्याच्या रचनेच्या वर्णनास ‘आराखडा’ (स्कीमा) म्हणतात. कोष्टके, त्यांतील स्तंभ, स्तंभांत साठवावयाच्या माहितीचे प्रकार, प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखणारा स्तंभ (प्रायमरी की) आणि कोष्टकांमधील परस्परसंबंध हे आराखड्याचे प्रमुख घटक होत. माणसास वाचता येईल व यंत्रासही नियमानुसार उलगडता येईल, अशा मजकुरात हे घटक नोंदविता येतात.

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये माहितीचे संबंधाधारित प्रतिमान मांडले. त्यावर आधारलेल्या एसक्यूएल या भाषेस १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. तीत आराखडा आज्ञांच्या रूपाने लिहितात. परंतु निरनिराळ्या उत्पादकांनी भाषेत आपापली भर घातल्यामुळे एका प्रणालीसाठी लिहिलेल्या आज्ञा दुसरीत जशाच्या तशा चालतीलच असे नाही. एक्सएमएल (१९९८) व त्यानंतरचे जेसन या मजकूररूपांत आज्ञेऐवजी वर्णन करता येते.

उदा., ‘विद्यार्थी’ हे कोष्टक बाहेरचा घटक मानून त्याच्या पोटात ‘क्रमांक’ व ‘नाव’ हे स्तंभ आणि प्रत्येक स्तंभाखाली त्याचा प्रकार, लांबी व तो रिकामा ठेवता येतो की नाही, हे गुणधर्म लिहितात. ही मांडणी वृक्षासारखी असते. परस्परसंबंध मात्र तीत सरळ बसत नाहीत. ‘गुण’ कोष्टकातील विद्यार्थी-क्रमांक ‘विद्यार्थी’ कोष्टकाकडे निर्देश करतो. हा निर्देश नावानेच करावा लागतो. दोन कोष्टके परस्परांकडे निर्देश करीत असल्यास कोणते आधी निर्माण करावे, हा पेच पडतो. म्हणून प्रथम सर्व कोष्टके निर्माण करून संबंध नंतर जोडणे सोयीचे ठरते.

अशा मजकुराची एक मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तो रचनेची स्थिती सांगतो, ती कशी बदलली हे सांगत नाही. ‘नाव’ या स्तंभास ‘पूर्णनाव’ असे नवे नाव दिले व जुना आणि नवा मजकूर यंत्राने ताडून पाहिला, तर एक स्तंभ नाहीसा झाला व दुसरा नव्याने आला असेच दिसते. त्यानुसार आपोआप बदल केल्यास जुन्या स्तंभातील सर्व नावे नष्ट होतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक घटकास न बदलणारे ओळखचिन्ह देणे किंवा बदलांची स्वतंत्र नोंद ठेवणे.

दीर्घकालीन जतनात या पद्धतीचे महत्त्व विशेष जाणवते. स्वित्झर्लंडच्या संघीय अभिलेखागाराने विकसित केलेल्या ‘सिआर्ड’ या स्वरूपात कोष्टकांतील माहिती व आराखडा ही दोन्ही एक्सएमएल मजकुरात, परंतु वेगवेगळ्या विभागांत ठेवून एकाच झिप फाइलमध्ये बांधतात. मूळ प्रणाली वापरातून गेली, तरी माहिती वाचता येते. आराखडा हरविल्यास मात्र जतन केलेले आकडे गुणांचे, वयाचे की रकमेचे, हे सांगता येत नाही.