सहा क्विंटल तीस किलोचा हीरो

हवाई दलाच्या वैमानिकांवरचा 'फायटर' हा सिनेमा 25 जानेवारी 2024 ला लागला. म्हणावी तेवढी गर्दी होईना, तेव्हा दिग्दर्शक सिद्धार्थ आनंद यांनी एका मुलाखतीत कारण शोधून काढलं. देशातली नव्वद टक्के माणसं विमानात बसलेली नाहीत, विमानतळावरही गेलेली नाहीत. आकाशात काय चाललंय ते त्यांना कळणार कसं? लोकांनी त्यांची यथेच्छ खेचली. आम्ही हिंगोलीकर मात्र जरा वरमलो. जिल्ह्यात विमानतळ नाही, विमान पकडायचं तर नांदेड गाठावं लागतं.

मग आठवलं, सिनेमा लागला त्या दिवशी देशाचे हवाई दलप्रमुख कोण होते? एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. मूळ गाव हस्तरा, तालुका हदगाव. आमच्या कळमनुरीला लागून असलेला तालुका! मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंतची विमानं आणि 3,800 तासांहून जास्त उड्डाण. नव्वद टक्क्यांचा हिशेब आम्ही तिथंच मिटवला.

पण जे खरोखर उडवतात, ते असे सिनेमे बघताना काय म्हणतात? हसतात, चुका मोजतात आणि पुन्हा बघतात.

पहिली चूक सगळ्यांना दिसते ती तोंडावरची. सिनेमातला वैमानिक ऐन लढाईत ऑक्सिजनचा मास्क बाजूला लोंबकळत ठेवून संवाद म्हणतो. निर्मात्यानं चेहऱ्याचे पैसे मोजलेले असतात, तो झाकून कसं चालेल? खऱ्या लढाऊ विमानात मास्क गच्च बसवलेला असतो, माइकही त्यातच. उतरल्यावर नाकाच्या दांडीवर आणि गालांवर त्याचे वळ तसेच दिसतात. रेडिओवर कुणी भाषण करत नाही. दोन-चार ठरलेले शब्द, की बोलणं संपलं. 'फॉक्स टू' म्हटलं की समजायचं, उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र सुटलं.

नऊ जी आणि हळदीची पोती

खरी गंमत वजनाची. विमान जोरात वळलं की 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला भार, वाढतो. नऊ जी म्हणजे 70 किलोचा गडी 630 किलोचा. मोंढ्याच्या भाषेत सहा क्विंटल तीस किलो! डोक्यावरचं दोन किलोचं हेल्मेट अठरा किलोचं होतं आणि त्या अवस्थेत मान वळवून मागचा शत्रू शोधायचा असतो. रक्त डोक्यातून पायाकडे धावतं. आधी रंग फिके पडतात, मग नजर कडेकडेनं काळी होत आत येते, त्यापुढे शुद्ध हरपते. ती हरपू नये म्हणून जी-सूट मांड्या आणि पोट आवळून धरतो. बाकीचं काम वैमानिकाचं: पाय, पोट, नितंब घट्ट करायचे, श्वास कोंडायचा, दर तीनेक सेकंदांनी झटकन सोडून पुन्हा भरायचा. हा श्वास कोंडताना इंग्रजीत चक्क 'हुक' असा शब्द उच्चारायला शिकवतात. हळदीचं पोतं पाठीवर घेताना हमालाच्या तोंडून निघतो, त्याच जातीचा हा आवाज. उतरल्यावर हाताच्या खालच्या अंगाला कधीकधी बारीक लाल पुरळ दिसतं, बारीक रक्तवाहिन्या फुटल्याचं. वैमानिक त्याला 'जी-मीझल्स', म्हणजे 'जी'चा गोवर, म्हणतात. हा गोवर पडद्यावरच्या हीरोला आजवर झालेला नाही.

म्हणूनच 2022 च्या 'टॉप गन: मॅव्हरिक'वर वैमानिकांचा जीव जडला. त्यातले ताणलेले गाल आणि तारवटलेले डोळे खरे आहेत. कलाकारांना आधी सेसना, मग एक्स्ट्रा 300, मग एल-39 अशा पायऱ्या चढवून शेवटी एफ-18 च्या मागच्या सीटवर बसवलं. पुढे चालवायला नौदलाचे वैमानिक. हीरो टॉम क्रूझलाही एफ-18 चालवू दिलं नाही. नवंकोरं एफ-35 कथेत का नाही, असा प्रश्न जाणकार विचारतात. एक साधं उत्तर असं, की त्याला सीटच एक. हीरोला बसवायचं कुठं?

त्याच सिनेमाच्या सुरुवातीला मात्र हा हीरो मॅक 10 वेगात विमानाचे तुकडे झाल्यावरही जिवंत राहतो. हा वेग ताशी दहा हजार किलोमीटरच्या वर. हिंगोली ते मुंबई सरळ रेषेत साधारण साडेचारशे किलोमीटर, म्हणजे तीन मिनिटांच्या आत! आमच्या जनशताब्दीला अर्धा दिवस लागतो. एवढ्या वेगात बाहेर फेकला गेलेला माणूस पुढच्या दृश्यात धुळीनं माखून एका हॉटेलात पाणी पितो. इथं वैमानिकांनी हात जोडले.

मूळचा 1986 चा 'टॉप गन' तर चुकांचं म्युझियम. त्यातलं शत्रूचं 'मिग-28' जगात नाही. अमेरिकेचंच एफ-5 काळं रंगवून उभं केलं होतं. गाजलेली मिग लढाऊ विमानं बहुतेक विषम आकड्यांची: 15, 21, 29. निदान आकडा तरी बरोबर घ्यायचा! सिनेमात अव्वल येणाऱ्याला चषक मिळतो, अमेरिकी नौदलाच्या खऱ्या टॉपगन शाळेत चषकच नाही. उलट तिथं सिनेमातलं वाक्य बोललात तर पाच डॉलर दंड. मला हा दंडच त्या सिनेमाला मिळालेला सगळ्यात मोठा पुरस्कार वाटतो. ज्याची वाक्यं कुणाच्या ओठांवर येत नाहीत, त्याला दंड कशाला ठेवतील?

दिग्दर्शक टोनी स्कॉटला विमानवाहू जहाजावर मावळता प्रकाश हवा होता आणि नेमकं जहाज वळलं. पुन्हा वळवायला किती खर्च, विचारलं. कप्तानानं सांगितलेल्या 25,000 डॉलरचा चेक त्यानं तिथंच फाडला. हा किस्सा त्यानंच पुढे सांगितला. हसता हसता एक गोष्ट विसरायला नको: याच सिनेमासाठी गिरकीचं चित्रण करताना कसरतपटू वैमानिक आर्ट शोल यांचं विमान 1985 मध्ये समुद्रात कोसळलं आणि त्यांचा जीव गेला.

आपल्याकडचे रुसवे

आपल्याकडे वैमानिक चुका मोजून थांबत नाहीत, पत्रं पाठवतात. अजय देवगणचा 'रनवे 34' (2022) दोहा-कोची विमानाच्या 2015 मधल्या खऱ्या घटनेवर बेतलेला. वैमानिकांच्या संघटनेनं जाहीर सांगितलं, आमचा पेशा असा नसतो. 'गुंजन सक्सेना'वर (2020) खुद्द हवाई दलानं सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहिलं. गुंजन यांच्या सहकारी श्रीविद्या राजन यांनी तर त्यातला पंजा लढवण्याचा प्रकार घडलाच नाही, असं सांगितलं. 'फायटर'च्या वेळी आसाममधल्या एका विंग कमांडरनं नोटीस धाडली. विषय विमानाचा नव्हता, गणवेशातल्या चुंबनाचा होता. सुखोईच्या वळणाबद्दल त्यात अवाक्षर नाही. 'फायटर'मधल्या सुखोई मात्र अस्सल. आपल्या हवाई दलातल्या बहुतेक सुखोई ओझरच्या कारखान्यात घडल्या आणि सुखोई-30 एमकेआय 2002 मध्ये पहिल्यांदा दाखल झाल्या त्या पुण्याच्या लोहगावला. मराठी माणसानं अभिमानानं बघावा असा नट तोच.

रुसवेफुगवे नको असतील तर 1982 चा 'विजेता' बघा. दिग्दर्शन गोविंद निहलानी, लेखन आपले कवी दिलीप चित्रे. त्यातला मुलगा घाबरतो, चुकतो, शिकतो. हीरो होण्याची घाई नाही. तिकीटबारीला ते फारसं रुचलं नसावं, पण मी आजही 'फायटर'च्या आधी तोच लावीन.

आता हिंगोलीकरांना विमानाच्या आवाजातलं तरी कळतं का? औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, सुमारे 2,600 कोटींचा खर्च. प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक हालचाल पकडणारं हे यंत्र. अमेरिकेतल्या लायगोच्या शास्त्रज्ञांना वरून गेलेल्या विमानाची घरघर ओळखून बाजूला काढावी लागते. उद्या एखादी सुखोई औंढ्यावरून कडाडत गेलीच, तर तिचा आवाज खरा होता की सिनेमातला, हे पहिल्यांदा दुधाळ्यालाच कळेल.