खरखर निघते, फाटलेला आवाज नाही

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांतून कोळीगीतांच्या, भजनांच्या, हळदीच्या गाण्यांच्या कॅसेट अजून सापडतात. त्या नीट ऐकू याव्यात म्हटलं की सल्ला मिळतो : संगणकात घाला, सॉफ्टवेअर सगळं साफ करतं.

सगळं नाही. खरखर, टिचटिच, विजेची घूं हे मूळ गाण्यावर चढलेले आवाज. विजेची घूं तर 50 हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत, 100, 150 अशी ठरल्या जागी बसते. म्हणून ती वेगळी काढता येते. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळीच पातळी फार चढवली असेल, तर आवाजाच्या लाटांचे माथे छाटले जातात. तो भाग टेपवर उतरलेलाच नसतो. सॉफ्टवेअर आजूबाजूचं पाहून तिथे अंदाजाने रेघ ओढतं. छाट बारीक असेल तर कान फसतो, मोठी असेल तर आवाज फाटकाच राहतो.

बिघाड मुळाशीच टाळण्याचं मोठं उदाहरण अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार, हे ओळखून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नेमकी जोडता यावी.

‘टेप झिजली म्हणून आवाज दबला’ हेही पुष्कळदा खरं नसतं. प्लेअरच्या हेडचा कोन आणि मूळ मुद्रण केलेल्या हेडचा कोन जुळला नाही, की वरचे स्वर बुजतात. हेडशेजारचा बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवत गेलं, तर एका जागी झांजा एकदम उघडतात. हे संगणकात घेण्याआधीच करायचं. नंतर ट्रेबल चढवला तर फक्त सुसकारा वाढतो.

आपल्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. ‘एकदा वाजवून बघू’ असं कृपा करून म्हणू नका. ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवून जाणकाराकडे द्यावी. कॅसेटसोबत ग्रामोफोनची जुनी लाखेची तबकडी सापडली, तर ती स्पिरिटने पुसणं त्याहून वाईट, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

तबकड्यांबद्दल आणखी एक. सगळ्या जुन्या तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाच्या नसतात. 74 वर मुद्रित झालेली 78 वर लावली, तर काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, तानाही खोट्या चपळ वाटतात. मग त्याच्या गळ्याविषयी आपण भलतंच मत बनवतो. शिवाय एलपीची सुई या तबकड्यांच्या रुंद खाचेत तळाशी घासते आणि तिथला कचरा वाजवते.

खरखर पूर्ण गेली म्हणजे काम उत्तम झालं, असंही नाही. तंबोऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास त्याच खरखरीलगत असतात, फार घासलं की तेही जातात. म्हणून पहिली, काहीही न काढलेली प्रत तशीच जपून ठेवा आणि सफाई दुसऱ्या प्रतीवर करा.