सात हात

१९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला ‘प्रांतिक स्वायत्तता’ मिळाली. म्हणजे काय मिळाले? सर्व खाती मंत्र्यांकडे आली, मंत्री विधानसभेला जबाबदार झाले. पण गव्हर्नरचे खास अधिकार राहिलेच. घर भाडेकरूच्या ताब्यात, एक किल्ली मालकाच्या कमरेला!

मताचा हक्कही मालमत्ता, सारा वा शिक्षण पाहून मिळे. १७५ जागांपैकी कामगारांच्या अवघ्या ७. तरीही १९३७ च्या निवडणुकीत काळाराम मंदिर सत्याग्रहाचे धुरीण दादासाहेब गायकवाड स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत गेले. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी खोतीविरुद्ध बिल मांडले.

पुढच्या वर्षी खेर मंत्रिमंडळाने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे बिल आणले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी एक दिवसाचा संप केला. तरी बहुमताच्या बळावर कायदा झालाच. सात हातांनी तो कसा अडावा?

म्हणून आम्ही कामगारांना नेहमी सांगतो: मोर्चाने दार वाजते, ते आतून उघडायला आपली माणसे लागतात. आज मत प्रत्येक प्रौढाला आहे. ते विकू नका, वाया दवडू नका.